संकलन कक्षाच्या दाराशी अडलेला माहितीपट

एका चित्रपट दिग्दर्शकाच्या कामाच्या पद्धतीवर निरीक्षणात्मक माहितीपट करायचा, म्हणजे निवेदन नाही, मुलाखती नाहीत आणि 'तेवढे पुन्हा एकदा करून दाखवा' अशी विनंतीही नाही, असे ठरवून मी कामाला लागले. पटकथेवरच्या चर्चा, तालमी आणि प्रत्यक्ष चित्रीकरण विनासायास टिपून झाले. काम अडले ते संकलनापाशी, म्हणजे चित्रित दृश्ये कापून-जोडण्याच्या टप्प्यापाशी.

दिग्दर्शकांचा होकार तेथे पुरत नाही. संकलन कक्षातील पडद्यावर जे दिसते त्याचे हक्क सहसा निर्मात्याकडे असतात, त्यामुळे निर्मिती संस्थेचे लेखी संमतिपत्र लागते. संस्थेच्या विधी विभागाने आधी सविस्तर प्रस्ताव मागितला आणि तो दिल्यावर माहितीपटाची संहिता मागितली. जे अजून घडलेलेच नाही त्याची संहिता आणायची कोठून? त्यावर 'चित्रपट प्रदर्शित झाल्यावर दिग्दर्शकांची मुलाखतच घ्या' असे सुचवण्यात आले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. मुलाखतीत ऐकायला मिळतात ती निर्णयाची मागाहून सुचलेली, नीटनेटकी कारणे. एका दृश्यावरून दिग्दर्शक आणि संकलक अडून बसतात आणि अखेरीस चार-दोन फ्रेम कापून थांबतात, ते पाहायचे तर त्या वेळी तेथेच हजर असावे लागते. शेवटी मी अर्जाला एक उदाहरण जोडले. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या 'अपोकॅलिप्स नाऊ' या चित्रपटाचे फिलिपिन्समधील चित्रीकरण चालू असताना १९७६-७७ मध्ये त्यांच्या पत्नी एलेनॉर कपोला यांनी जे टिपून ठेवले, त्यावर आधारलेला माहितीपट १९९१ मध्ये आला. तेव्हा माहितीपटाच्या प्रदर्शनाची तारीख तुम्ही ठरवा, टिपू मात्र आत्ताच द्या, असे मी लिहिले. ही मात्रा लागू पडली, पण पत्र हाती येईपर्यंत पहिला कच्चा कट, म्हणजे चित्रपटाची पहिली ढोबळ जोडणी, होऊन गेला होता.

पत्रात अट होती की मूळ चित्रपटाआधी माहितीपट दाखवायचा नाही आणि पडद्यावरचे काहीही चौकटीत येऊ द्यायचे नाही. म्हणून कॅमेरा पडद्याच्या शेजारी, दिग्दर्शकांच्या चेहऱ्याकडे रोखून ठेवला. कापलेला शॉट दिसत नाही, तो कापतानाची चलबिचल दिसते. ती दृश्ये माहितीपटातील सर्वांत बोलकी ठरली, हे मी अभिमानाने सांगते.

संकलक आणि सहायकांची संमतिपत्रे मात्र पहिल्याच दिवशी स्वतंत्रपणे घ्यावीत. आणखी एक: संकलन करताना पुष्कळदा दुसऱ्या कोणाचे संगीत तात्पुरते लावलेले असते. ते संभाषणात मिसळले तर नंतर वेगळे काढणे अवघड जाते आणि त्याच्या हक्कांसाठी नव्याने पत्रव्यवहार करावा लागतो, म्हणून चर्चा सुरू होताच आवाज बंद करण्याची विनंती आधीच करून ठेवावी.