उलट्या माणसाचा पत्ता

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर भाची टॅरोचे, म्हणजे भविष्य बघायचे, पत्ते पिसत समोर येऊन बसली, म्हणाली मावशी, एक प्रश्न मनात धर. मनात धरायला दुसरं आहे काय, घराचा ताबा कधी मिळणार. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेल्यापासून आम्ही भाड्याच्या घरात आणि दर गणपतीला बिल्डरचा मेसेज येतो की दिवाळीपर्यंत होऊन जाईल, कुठली दिवाळी ते काही लिहिलेलं नसतं. तर पत्ता निघाला हँग्ड मॅन, म्हणजे टांगलेला माणूस, नंबर बारा. भाची एकदम गंभीर झाली. सरेंडर कर म्हणाली, हा थांबण्याचा काळ आहे, सगळ्याकडे वेगळ्या अँगलने बघ. म्हटलं बाई गं, आम्हाला लटकवलंय हे कळायला पत्ते कशाला हवेत?

पण पत्ता काही हातातून सुटेना. एका पायाने उलटा टांगलेला माणूस, दुसरा पाय गुडघ्यात मुडपून मागे घेतलेला, हात पाठीशी, आणि चेहऱ्यावर कसली म्हणून तक्रार नाही, उलट डोक्यामागे देवांच्या फोटोत असतं तसं तेजोवलय. मला आधी वेताळच आठवला. भाचीला वेताळ माहीत नाही, तो वेगळा विषय. ज्या खांबाला तो टांगलाय त्याला पानं फुटलेली आहेत, म्हणजे लाकूड जिवंत आहे, आणि ज्याने हा पत्त्यांचा डेक घडवला तो वेट नावाचा इंग्रज गृहस्थ मुद्दाम सांगून गेलाय की चेहऱ्यावर यातना शोधू नका, तो तंद्रीत आहे.

तंद्रीचं मला पटतं. आजोळी विहिरीजवळ एक पेरू होता, त्याच्या आडव्या फांदीला गुडघे अडकवून मी दुपारभर लोंबकळायचे. फ्रॉकच्या खिशातले चिंचोके टपटप खाली पडायचे. आजी ओट्यावर तांदूळ निवडत असायची, तिथूनच ओरडायची, कार्टे, डोळ्यात रक्त उतरेल! आणि खरी गंमत अशी की उलटं बघितलं की आजीचा रागावलेला चेहरा हसल्यासारखा दिसायचा, त्यामुळे ती जितकी चिडेल तितकी मी तिथेच. शेवटी ती सूप खाली ठेवून उठायची, तेव्हा मात्र उतरावं लागायचं.

बाकी या माणसाला ज्ञानी वगैरे नंतर केलं. हे पत्ते मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायला निघाले, आपल्या मेंढीकोटासारखे हात करायचे, हुकूम मारायचा, तिथे बाराचं काम एवढंच की अकराला मारायचं आणि तेराकडून मार खायचा. आणि त्या काळात तिकडे या पत्त्याला सरळ गद्दार म्हणायचे. कारण इटलीतल्या शहरांत रीतच होती, फितूर झालेले, पैसे बुडवणारे, दिवाळं काढून पळालेले, असे लोक हाती लागले नाहीत तर त्यांची उलटी टांगलेली चित्रं सरकारी इमारतीच्या भिंतीवर रंगवायची, येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघून थुंकावं म्हणून. फ्लॉरेन्समध्ये 1478च्या कटानंतर असं काम चक्क बोत्तिचेल्लीसारख्या नामवंत चित्रकाराला दिलं होतं. एका जुन्या डेकमध्ये तर या टांगलेल्या माणसाच्या दोन्ही हातांत पैशांच्या थैल्या आहेत, उलटा झाला तरी सोडत नाहीये.

हे वाचलं आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे पत्ता माझा नव्हताच. मी विचारलं ताबा कधी, आणि पत्त्यांनी बिल्डरचा फोटो दाखवला. भाचीला सांगितलं तर म्हणाली असं नसतं गं मावशी, पत्ता विचारणाऱ्याचाच असतो. का बरं? ज्याचं अडलंय त्यानेच दरवेळी अँगल बदलायचा, ज्याने अडवलंय त्याचा अँगल कोण बदलणार? यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, तिने चहा टाकला.

अर्थाचं म्हणाल तर फ्रान्समध्ये एका विद्वानाने 1781 साली लिहून टाकलं की हे पत्ते प्राचीन इजिप्तचे, आणि हा बारा नंबर छापणाऱ्यांनी चुकून उलटा छापलाय, मुळात तो एका पायावर उभा आहे, पुढचं पाऊल जपून टाकणारा. इजिप्तचं सगळं थापेबाजी निघाली. पण पत्ता फिरवून बघाच, पठ्ठ्या मजेत नाचताना दिसतो.

तसा फिरवतानाच कोपऱ्यात एक बारीकशी वळणदार सही दिसली, वेलबुट्टीसारखी, भाचीने इतके दिवस हाताळूनही ती बघितली नव्हती. ती पामेला कोलमन स्मिथची. 1909 साली लंडनमध्ये तिने काही महिन्यांत सगळीच्या सगळी 78 पत्त्यांची चित्रं काढली, आणि मग एका पत्रात लिहिलं की एवढं मोठं काम केलं आणि पैसे मात्र अगदीच थोडे. जगभर ज्याला त्याला याच चित्रांवरून भविष्य सांगतात. ती 1951 साली कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी कर्जात वारली, देणी भागवायला तिचं सामान विकावं लागलं. डेकला नाव पडलं रायडर-वेट, रायडर म्हणजे छापणारे आणि वेट म्हणजे सांगणारा. हल्ली लोक रायडर-वेट-स्मिथ म्हणायला लागलेत, तेही सगळे नाही.