लेकराच्या झोपेवर आखलेला प्रवास: परभणी ते वेरूळ

नऊ महिन्यांच्या मुलीला घेऊन परभणीहून छत्रपती संभाजीनगरला जायचे, तिथून वेरूळ पाहायचे आणि हे सगळे महिन्याच्या खर्चाला खिंडार न पाडता उरकायचे, एवढाच आमचा बेत होता. घरात यावर दोन मते पडली. सासूबाईंच्या मते लेकरू चालू लागेपर्यंत त्याला उगाच बाहेरगावी नेऊ नये. आणि जिचे लेकरू नुकतेच चालू लागले आहे त्या माझ्या नणंदेचे म्हणणे असे, की चालू लागल्यावर तर मुळीच नेऊ नये. दोघींचे ऐकले असते तर वेरूळ एकदम मुलीच्या शाळेच्या सहलीतच पाहावे लागले असते. म्हणून आम्ही जानेवारी ठरवला. मराठवाड्यात बाळाला घेऊन फिरायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच काळ खरा. मार्च सरता सरता ऊन चटके देऊ लागते आणि मे महिन्यात लेण्यांचा काळा दगड तव्यासारखा तापतो.

बेत आखताना पहिला प्रश्न भाड्याचा नव्हता, वेळेचा होता. आमची लेक सकाळी साडेअकराच्या सुमारास झोपते आणि ती झोप मोडली की उरलेला दिवस सगळ्यांचाच मोडतो. मुंबईकडे जाणाऱ्या देवगिरी आणि नंदिग्राम या गाड्या मुंबई गाठणाऱ्यांच्या सोयीच्या आहेत; संभाजीनगरला उतरणाऱ्याला त्या रात्री आडवेळी उतरवतात. नांदेडहून सुटणारी वंदे भारत वेगवान आहे, पण ती पहाटेची, आणि तिचे तिकीट आमच्या हिशेबात बसणारे नव्हते. राहिली तपोवन एक्सप्रेस. ती सकाळी दहाच्या सुमारास नांदेड सोडते, परभणीला अकराच्या आसपास येते आणि दुपारी संभाजीनगरला पोहोचवते. बाळाची झोप गाडीत आणि जेवण मुक्कामी, असे हे गणित जुळले. सेकंड सीटिंगचे दोघांचे आरक्षण अडीचशे रुपयांच्या आत झाले. सर्वांत सोयीची गाडीच सर्वांत स्वस्तही निघावी, हा योग आमच्या मार्गावर क्वचितच येतो, तो दवडू नये.

तिकिटाचे नियम एकदा नीट समजून घेतले की निम्मी धास्ती जाते. 5 वर्षांखालील मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, मात्र त्याला स्वतंत्र जागाही मिळत नाही. स्वतंत्र जागा हवी असेल तर पूर्ण भाडे भरावे लागते. आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत 120 दिवसांची होती, ती नोव्हेंबर 2024 पासून कमी झाली. बाळ असल्यास आयत्या वेळी तत्काळच्या मागे लागण्यात अर्थ नाही, कारण तिथे मिळेल ती जागा घ्यावी लागते, आणि अंगावर पिणारे मूल असलेल्या बाईला खिडकीची जागा ही चैन नव्हे, गरज असते. खिडकीकडे तोंड केले, खांद्यावरून ओढणी घेतली की निम्मा आडोसा आपोआप होतो. उरलेला निम्मा आमच्या नवऱ्याने वर्तमानपत्र उघडून केला आणि बातम्याही वाचून काढल्या.

सामान बांधताना मी एकच कसोटी लावली: ही वस्तू संभाजीनगरच्या दुकानात मिळते का? मिळत असेल तर ती घरी राहील. त्यामुळे डायपरचा मोठा गठ्ठा गेला, बाळाची ढकलगाडी गेली, खेळण्यांची पिशवीही गेली. ढकलगाडीचा वेरूळला काडीचाही उपयोग नाही, कारण तिथे उंबरे, पायऱ्या आणि खडबडीत दगड आहेत. बाळाला छातीशी बांधायची झोळीपिशवी मात्र सोन्याच्या मोलाची ठरली. सोबत घेतले ते असे: झबली, कानटोपी, चार दुपटी, सुती लंगोट, पाठीच्या सॅकमध्ये उभा राहील असा थर्मास, आणि आईने दिलेले जुने सुती लुगडे. त्या लुगड्याचे काम पुढे येईल.

बाळाच्या खाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण खर्च आणि पोट दोन्ही तिथेच बिघडतात. निघायच्या सकाळी तांदूळ आणि मूगडाळीचे मऊ खिमट घरी शिजवून डब्यात भरले. ते दुपारपर्यंतच वापरायचे, उरले तर टाकून द्यायचे. खिमटाच्या भरडीला आच लागते, नुसते गरम पाणी ओतून ती शिजत नाही. म्हणून पुढच्या जेवणांसाठी पातळ पोहे मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजले, त्यात चिमूटभर जिरे घातले आणि मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक करून कोरड्या बरणीत भरले. थर्मासमधले कढत पाणी त्यावर ओतून पाच मिनिटे झाकून ठेवले की मऊ पेज तयार होते. तुपाचा एक थेंब घातला की लेक तोंड वळवत नाही. केळी तर प्रत्येक स्थानकाबाहेर मिळतात. गाडीतल्या चार्जिंगच्या जागी पाणी तापवण्याची विजेची किटली लावायला मनाई आहे, त्यामुळे थर्मासला पर्याय नाही. तो रिकामा झाला तर फलाटावरच्या चहावाल्याला पाणी उकळून मागावे. बाळासाठी हवे म्हटल्यावर आम्हाला कुणी नाही म्हटले नाही, पैसे देऊ केले तर घेतले मात्र.

परभणी सोडल्यावर मानवत रोड, सेलू, परतूर, जालना अशी स्थानके येतात. परभणी ते संभाजीनगर या 177 किलोमीटरच्या मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी मिळाली असली, तरी अजून रूळ एकेरीच आहे, त्यामुळे समोरून गाडी येणार असली की आपली गाडी एखाद्या लहान स्थानकात क्रॉसिंगला उभी राहते. एकटे असताना या थांब्यांचा वैताग येतो. बाळ मांडीवर झोपलेले असताना मात्र डब्याचे हलणे थांबले की तेच जागे होईल की काय, या धाकाने आपण श्वास रोखून बसतो. तूर आणि ज्वारीची शिवारे मागे जात होती, लेक गाढ झोपली होती, आणि समोर बसलेल्या सेलूच्या आजीबाईंनी तिच्या उघड्या पावलांकडे बघून मला सुनावले, "माय, लेकराच्या पायात काहीतरी घाल. वारं लागायलंय तिला." मोजे काढून घातले. पुढे सेलूला उतरताना त्यांनी स्वतःच्या पिशवीतून दोन पेरू काढून बाकावर ठेवले, एक तिच्या बापाला आणि एक मला.

डायपरविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. आता डब्यांमध्ये जैव शौचालये असतात आणि त्यांत डायपर किंवा ओला रुमाल टाकला की ती तुंबतात. मग पुढच्या शंभर माणसांचे हाल होतात. जुन्या वर्तमानपत्राच्या घड्या सोबत ठेवाव्यात, गुंडाळून पिशवीत घालावे आणि कचऱ्याच्या डब्यातच टाकावे.

मुक्कामासाठी आधी स्थानकावरच्या विश्रामकक्षाची चौकशी केली. निश्चित किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर क्रमांक घालून हे कक्ष ऑनलाइन मिळतात आणि बाळ असताना गाडीतून उतरून थेट खोलीत जाता येण्यासारखे सुख नाही. आमच्या तारखांना जागा नव्हती, म्हणून स्थानकापासून चालत जाता येईल असा साधा लॉज घेतला, रोजचे हजार रुपये. फोनवर तीनच प्रश्न विचारावेत: गरम पाणी किती वाजता येते, खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालू आहे का. आमच्या लॉजमध्ये गरम पाणी दिवसभर असल्याचे सांगितले गेले. प्रत्यक्षात ते सकाळी आठला संपत असे. तेव्हा बाळाला संध्याकाळी अंघोळ घालणाऱ्यांनी बादली सकाळीच राखून ठेवावी किंवा त्या दिवसापुरते ओल्या फडक्यावर भागवावे.

पहिल्या संध्याकाळी बीबी का मकबरा पाहिला. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिची ही कबर सतराव्या शतकातली. ताजमहालाशी तिची तुलना करून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा रांगत्या मुलाला घेऊन तिथल्या बागेत जावे. सपाट फरशी, मधोमध कारंजांचा पाट, दोन्ही बाजूंना हिरवळ आणि उतरते ऊन असे सगळे तिथे एकत्र मिळते. आमची लेक त्या फरशीवर जेवढी रांगली तेवढी घरात कधी रांगली नव्हती. दौलताबादचा किल्ला मात्र आम्ही बेतातूनच वगळला होता. शेकडो पायऱ्यांची चढण आणि वटवाघळांची ती अंधारी वाट बाळाला बांधून चढण्यासारखी नाही. चांद मिनार जाता-येता बसमधून दिसतो, तेवढ्यावर समाधान मानले.

वेरूळसाठी सोमवार ठरवला. लेणी मंगळवारी बंद असतात हे अनेकांना तिथे पोहोचल्यावर कळते, आणि रविवारी गर्दीमुळे बाळाला खाली ठेवायला जागा नसते. मध्यवर्ती बसस्थानकातून कन्नडकडे जाणाऱ्या एसटीने तासाभरात वेरूळ येते. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि 5 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, त्यामुळे तिघांचा प्रवास दीड तिकिटात झाला. बसस्थानकांवर मातांसाठी हिरकणी कक्ष असतो. आमच्या वाट्याला आलेल्या कक्षाला कुलूप होते आणि किल्ली चौकशी खिडकीवर मिळाली. तेव्हा दार बंद दिसले तरी परत फिरू नये, किल्ली मागावी.

लेण्यांचे तिकीट भारतीयांना 40 रुपये आहे आणि 15 वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत. एकूण 34 लेणी आहेत: पहिली 12 बौद्ध, त्यानंतरची 17 हिंदू आणि शेवटची 5 जैन. बाळासोबत ही सगळी पाहण्याचा हट्ट धरू नये. आम्ही दोनच निवडली, 16 क्रमांकाचे कैलास आणि 10 क्रमांकाचे विश्वकर्मा, आणि त्यांनाच सकाळ दिली. कैलास आम्ही पाळीपाळीने पाहिले. एकाने लेण्यासमोरच्या हिरवळीवर सावलीत लेकीला घेऊन बसायचे आणि दुसऱ्याने आत जायचे, मग अदलाबदल. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, उभ्या कड्याला वरून खाली कोरत आणलेले हे मंदिर एकट्याने पाहण्यात एक वेगळाच निवांतपणा आहे. फोटो काढायला कुणी बोलावत नाही, मागे थांबले तर घाई करत नाही. शेवटी तिघे मिळून अंगणात गेलो तेव्हा मुलीने शिल्पातल्या हत्तीच्या पायावर दोन्ही तळवे थापटले आणि रखवालदाराने हसून पण ठामपणे तिचे हात मागे घ्यायला सांगितले. हिरवळीवर खाण्याची पिशवी उघडताना वानरांकडे लक्ष ठेवावे. केळ्याचा वास त्यांना आपल्या आधी लागतो.

विश्वकर्मा लेण्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, कारण त्याच्या कमानदार छताला लाकडी वाशांसारख्या बरगड्या दगडातच कोरलेल्या आहेत. स्तूपापुढे बुद्धाची बसलेली भव्य मूर्ती आहे. आत शिरताच लेक नेहमीप्रमाणे "बा, बा" म्हणाली आणि तिचाच आवाज घुमून तिच्याकडे परत आला. ती चपापली, वर पाहिले, पुन्हा म्हणाली. मग पाच-सात मिनिटे हाच उद्योग चालला होता आणि आत आलेले सहलीचे विद्यार्थी लेणे सोडून तिच्याकडे पाहत उभे होते. जवळच्या घृष्णेश्वराला सोमवारची रांग इतकी होती, की अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या त्या मंदिराच्या कळसालाच हात जोडून आम्ही बस धरली. बारा वाजायच्या आत परत फिरणे हा बेताचाच भाग होता.

परतीला मुद्दाम उत्तरेकडून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीचे स्लीपरचे तिकीट काढले होते, माणशी दीडशेच्या आसपास. तपोवन परतीलाही सोयीची आहे, पण स्लीपरमध्ये बाळाला आडवे करता येते. जानेवारीत या गाड्या उत्तरेतल्या धुक्यात अडकतात, हे गृहीत धरून आदल्या रात्रीपासून मोबाइलवर गाडीचा ठावठिकाणा पाहत होतो. सकाळी तीन तासांचा उशीर दिसला, तेव्हा स्थानकावर ताटकळण्याऐवजी रिक्षाने पाणचक्कीला गेलो. लांबच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून इथवर आणून, उंचावरून हौदात सोडून, त्याच्या जोरावर दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी धान्य दळण्याची ही सोय. मोठ्या वडाची सावली, पडत्या पाण्याचे तुषार आणि हौदातले मासे एवढ्यावर लेकीचा तासभर आनंदात गेला.

गाडी आली आणि लुगड्याचे काम सुरू झाले. ते दुहेरी करून त्याची दोन टोके समोरासमोरच्या वरच्या बर्थच्या आधारांना घट्ट बांधली, आधी नवऱ्याने दोन्ही हातांनी लोंबकळून गाठी तपासल्या, मगच लेकीला झोळीत घातले. बसू लागलेले मूल झोळीत अचानक उठून कडेला झुकते, म्हणून एक हात सतत झोळीवर हवा. शिवाय स्लीपरमधली खालची जागा दिवसा सर्वांची असते, तेव्हा झोळी बांधण्यापूर्वी समोरच्यांना विचारावे. आम्ही विचारले, तर पंजाबकडून नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला निघालेल्या एका काकांनी स्वतःच झोका द्यायचे काम घेतले आणि जालना येईपर्यंत ते इमानाने केले.

भाडे, लॉज, एसटी, रिक्षा, तिकिटे आणि आम्हा दोघांचे खाणे धरून सगळा खर्च चार हजारांच्या आत राहिला. परभणीला गाडी थोडाच वेळ थांबते, म्हणून मानवत रोड मागे पडले की झोळी सोडायची, लुगड्याची घडी सॅकमध्ये सर्वांत वर ठेवायची, सामान घेऊन नवऱ्याने आधी दाराशी जायचे आणि बाळाला घेऊन आपण त्याच्यामागे, असा क्रम ठरवून ठेवावा. आमच्या लेकीने झोळी सोडताच भोकाड पसरले. परभणीच्या फलाटावर आम्हाला घ्यायला आलेल्या सासूबाईंना म्हणे तो आवाज गाडी थांबण्याच्या आधीच ओळखू आला.