पेशंट शांत आहे, पण श्वासपटल काम करतंय का?

आयसीयूत शिफ्ट बदलताना हमखास ऐकू येणारं वाक्य : "पेशंट शांत आहे, व्हेंटिलेटरला फाइट करत नाही." ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. पण मॉनिटरवर दिसणाऱ्या श्वासांत पेशंटचा स्वतःचा, म्हणजे त्याच्या श्वासपटलाचा (छाती आणि पोट यांच्यामधला, श्वास ओढणारा स्नायूचा पडदा, डायफ्रॅम) वाटा किती, हे त्या वाक्यातून कळत नाही. कोल्हापूर शहरात आणि गडहिंग्लजपासून शाहूवाडीपर्यंतच्या तालुक्यांत व्हेंटिलेटर सांभाळणाऱ्या नर्सेस, निवासी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी हे लिहितो आहोत. आमचं म्हणणं एकच : रक्तदाब लिहितो तसा पेशंटचा श्वासाचा जोरही दर शिफ्टला मोजून लिहायला हवा.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले होते. हे दाते १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर होते आणि त्या काळात श्वासपटल स्वतःहून आकुंचन पावलं नव्हतं. त्यातल्या मंद तंतूंचा आडवा छेद तुलनेच्या गटापेक्षा ५७ टक्क्यांनी, तर जलद तंतूंचा ५३ टक्क्यांनी लहान भरला. छातीच्या मोठ्या स्नायूत मात्र अशी झीज नव्हती. प्लास्टरमधला पाय बारीक व्हायला काही आठवडे जातात. श्वासपटलाला दोन-तीन दिवस पुरतात. जन्मापासून न थांबलेला स्नायू एकदम थांबला की पेशींत ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो आणि प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणा वेगाने सुरू होतात.

म्हणून सपोर्ट झटपट काढून घ्यावा, असं मुळीच नाही. कमी सपोर्टवर धापा टाकणाऱ्या पेशंटच्या श्वासपटलालाही इजा होते, तिथे सूज येते आणि फुप्फुसावरही ताण पडतो. व्हेंटिलेटरवरच्या पहिल्या आठवड्यात सोनोग्राफीने केलेल्या एका अभ्यासात सुमारे ४४ टक्के पेशंटमध्ये श्वासपटलाची जाडी दहा टक्क्यांहून अधिक घटली, पण १२ टक्क्यांमध्ये ती वाढली. पुढच्या अभ्यासात ज्यांचं श्वासपटल दर श्वासाला १५ ते ३० टक्के जाड होत होतं, म्हणजे साधारण निरोगी माणूस शांत बसून श्वास घेतो तेवढंच काम करत होतं, ते व्हेंटिलेटरवरून सगळ्यात लवकर सुटले. आपल्याला गाठायचा आहे तो हाच मधला पट्टा.

मोजायचं कसं? यातली पहिली रीत फुकट आहे. बऱ्याच व्हेंटिलेटरवर पी ०.१ हा आकडा मिळतो : श्वास सुरू होताना वाट बंद केली, तर पहिल्या ०.१ सेकंदात दाब किती सेंटिमीटर पाणी खाली जातो तो. दर श्वासाला तो बदलतो, म्हणून तीन-चार वेळा घेऊन सरासरी काढा. एकपेक्षा कमी आला तर मेंदूकडून हुकूमच कमी येतोय, चारच्या वर गेला तर हाव जास्त आहे. काही मशीन तो उणे चिन्हासह दाखवतात, वाचताना गोंधळू नका.

दुसरी रीत एका बटणाची. एक्स्पिरेटरी होल्ड, म्हणजे श्वास सोडून झाल्यावर वाट बंद करणारं बटण, फक्त एका श्वासापुरता दाबा. पेशंट बंद वाटेवर श्वास ओढतो आणि दाबाची रेषा पीपच्या (श्वास सोडल्यावरही मशीन फुप्फुसात राखतं तो दाब) खाली जाते. पीप ८ असेल आणि रेषा उणे ४ पर्यंत गेली, तर फरक १२ सेंटिमीटर पाणी. त्याचा पाऊण हिस्सा, म्हणजे ९, हा स्नायूंच्या जोराचा अंदाज. ५ ते १० च्या दरम्यान असेल तर ठीक. होल्ड लांबवला की पेशंट घाबरून जोरात ओढतो आणि आकडा फुगतो, म्हणून एका श्वासानंतर लगेच सोडा.

सोनोग्राफी मशीन हाताशी असेल तर दहा मेगाहर्ट्झच्या वरचा लिनियर प्रोब उजव्या बाजूला, काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेषांच्या दरम्यान, बरगड्यांमधल्या आठव्या ते दहाव्या फटीत उभा धरा. दोन पांढऱ्या रेषांमधला काळपट पट्टा म्हणजे श्वासपटल. जाडी जेमतेम दोन मिलिमीटर असते, त्यामुळे ०.२ मिलिमीटरची चूक म्हणजेच दहा टक्के. पहिल्या दिवशी त्वचेवर मार्करने खूण करा आणि रोज तिथेच मोजा. खूण पुसली गेली तर आधीच्या आकड्यांशी तुलना करू नका.

फसगत सगळ्यात जास्त ट्रिगरच्या चिन्हाने होते. स्क्रीनवर "पेशंटने श्वास सुरू केला" अशी खूण येते, आणि प्रत्यक्षात सर्किटमध्ये साचलेलं पाणी हेलकावत असतं, श्वासनळीतल्या नळीभोवतीचा फुगा (कफ) गळत असतो, किंवा हृदयाच्या ठोक्यांनी फ्लो हलत असतो. पाणी काढून टाका, त्या फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी आहे का बघा, मग होल्ड घ्या. रेषा खाली गेलीच नाही तर तो श्वास पेशंटचा नव्हता. याच्या उलटही होतं : गाढ सिडेशनमध्ये (झोपेच्या औषधांच्या अमलात) मशीनच्या श्वासामागोमाग श्वासपटल प्रतिक्षिप्तपणे आकुंचतं आणि मशीन पाठोपाठ दुसरा श्वास देतं. पेशंट जागा होऊन झगडतोय असं समजून सिडेशन वाढवलं जातं, आणि कारण तर गाढ सिडेशनच असतं.

सिडेशनच्या औषधांचा परिणाम सारखा नसतो. फेंटानिलने मुख्यतः श्वासांचा वेग उतरतो, प्रोपोफॉलने प्रत्येक श्वासाचा जोर उतरतो. मिडाझोलॅम साचतं, किडनी बिघडली असेल तर बंद केल्यावरही दिवसचे दिवस अंमल राहतो. रोज सकाळी सिडेशन थांबवून जागं करणं आणि पाठोपाठ ३० मिनिटं ५ ते ८ च्या प्रेशर सपोर्टवर (पेशंटने ओढलेल्या श्वासाला मशीनने दिलेला दाबाचा हातभार) स्वतः श्वास घेऊ देणं, ही जोडी जुनी असली तरी तिला तोड नाही. श्वास मिनिटाला ३५ च्या वर, रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली किंवा नाडी १४० च्या वर गेली की थांबा. नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, झोपवूनच ठेवा, हाल नकोत." त्यांना बाजूला घेऊन सांगा : "मामा, झोपेचं औषध कमी केलंय ते छातीचा पडदा आळसावू नये म्हणून. त्रास दिसला तर लगेच वाढवू."

प्रेशर सपोर्टवरचा पेशंट मिनिटाला दहा-बारा संथ श्वास घेतोय, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात आत जाणारी हवा) किलोमागे ८ मिलिलिटरच्या वर आहे, असं दिसलं की सपोर्ट जास्त झालाय. तो दोन-दोनने उतरवा, वीस मिनिटं थांबा, पुन्हा होल्ड घ्या.

आपल्याकडचे दोन पेशंट मात्र या हिशोबात बसत नाहीत. पहिला, ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाची विषबाधा. ॲट्रोपिनने सुरुवातीची लक्षणं आवरली, पेशंट बोलायला लागला, आणि एक ते चार दिवसांत मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडले, असं होतं. हा दोष मज्जातंतू आणि स्नायू यांच्या जोडावर असतो. व्यायाम देऊन तिथे फक्त थकवा येतो. उशीवरून डोकं उचलून पाच सेकंद धरता येईपर्यंत वीनिंगची, म्हणजे व्हेंटिलेटर सोडवण्याची, घाई करू नका.

दुसरा मण्यारीचा दंश. पावसाळ्यात, रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला, अनेकदा खूणही न दिसणारा. विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतं, त्यामुळे एकदा लुळेपणा आल्यावर प्रतिविषाने तो लगेच उतरत नाही, टोकं पुन्हा तयार व्हायला दिवस लागतात. बाहुल्या स्थिर, पापणी हलत नाही, पी ०.१ जवळजवळ शून्य. हे मेंदू मृत झाल्यासारखं दिसतं, पण पेशंटला सगळं ऐकू येत असू शकतं. इथे शून्य आकडा बघून सिडेशनला दोष देऊ नका; पण लुळेपणा आहे म्हणून सिडेशन पूर्ण बंदही करू नका. नावाने हाक मारा, नळीतला स्राव ओढून काढण्याआधी (सक्शन) दर वेळी सांगा, वेदनाशामक द्या. या पेशंटच्या पलंगाशेजारी "आता काही राहिलं नाही" असं कुणी बोलू नये, एवढं तरी पाळाच.

तीव्र एआरडीएसचे (फुप्फुसांना सूज येऊन ऑक्सिजन घसरण्याचा गंभीर आजार) पहिले दिवस, वाढलेला मेंदूदाब किंवा न आवरलेला शॉक असेल तेव्हा श्वासपटलाला विश्रांती द्यावीच लागते. तिथे ती झीज पत्करायची, पण रोज विचारायचं : आजही गरज आहे का?

फॉस्फेटची तपासणी बऱ्याच ठिकाणी मागवलीच जात नाही. उपाशी पेशंटला नळीतून अन्न सुरू केल्यावर पहिल्या तीन दिवसांत फॉस्फेट कोसळतं आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. डेसिलिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली गेलं तर भरून काढा. मॅग्नेशियम आणि पोटॅशियमही सोबत बघा. पोट फुगलेलं असेल तर पलंगाचं डोकं ३० ते ४५ अंश उचला.

जागा असलेला, सूचना पाळणारा, पीप १० किंवा कमी आणि मशीनमधून दिला जाणारा ऑक्सिजन ६० टक्क्यांपर्यंत असलेला पेशंट वारंवार वीनिंगमध्ये नापास होत असेल, तर श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम द्या. स्प्रिंगच्या झडपेचं थ्रेशोल्ड उपकरण ट्रॅकिओस्टॉमीला (गळ्यातून श्वासनळीत बसवलेली नळी) कनेक्टरने जोडा. पेशंटच्या कमाल ओढीच्या ३० ते ५० टक्क्यांवर लावा. सहा श्वास, मग व्हेंटिलेटरवर विश्रांती, असे पाच संच दिवसातून एकदा. सहावा श्वास जेमतेम जमेल इतका भार असावा. सहज जमू लागला की भार वाढवा. मशीनचा ट्रिगर जड करून व्यायाम देण्याची जुनी पद्धत सोडून द्या, त्यात भार फक्त श्वासाच्या सुरुवातीला पडतो. मेडिकलमधून नातेवाईक आणतात ते तीन गोळ्यांचं स्पायरोमीटरही इथे चालत नाही : हळू ओढलं की त्यातला भार नाहीसा होतो. ते नळी निघाल्यावर, खोल श्वासाच्या सवयीसाठी ठेवा.