बडी फ्रँकलिन: नऊ वर्षांचा करार आणि हजार गोल

२०१३ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधल्या सिडनी स्वान्स या क्लबाने एका २६ वर्षांच्या खेळाडूशी नऊ वर्षांचा, सुमारे एक कोटी डॉलरचा करार केला तेव्हा इथल्या जाणकारांनी कपाळाला हात लावला होता. इतक्या धक्काबुक्कीच्या खेळात पस्तिशीपर्यंत कोण टिकतं? लान्स फ्रँकलिन, म्हणजे सगळ्यांचा बडी, टिकला. पण त्याच्या नावापुढे आजही एक वाक्य हमखास जोडलं जातं, 'सिडनीला त्याने एकही विजेतेपद मिळवून दिलं नाही.' मला हा हिशेबच पटत नाही, आणि तो का पटत नाही ते सांगायला आज लिहायला बसलोय.

आधी खेळाबद्दल थोडं. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा जन्म मेलबर्नचा. १८५९ साली तिथल्या क्रिकेट क्लबाच्या मंडळींनी त्याचे नियम लिहिले, हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं शरीर तयार राहावं हाही त्यामागे एक हेतू होता. म्हणून आजही हा खेळ क्रिकेटच्याच मैदानांवर होतो. सचिनने जानेवारी २००४ मध्ये जिथे नाबाद २४१ केल्या, त्याच सिडनी क्रिकेट ग्राउंडवर हिवाळ्यात स्वान्स खेळतात. एका बाजूला १८ जण, चेंडू लांबट, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने मारलेला चेंडू गेला की गोल, सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर एकच. गोल झाला की खांबांमागचा अंपायर दोन्ही हातांची बोटं रोखतो आणि मग दोन पांढरे झेंडे फडकवतो.

फॉरवर्डचं काम ऐकायला सोपं आहे: गोल करा. पण त्याचा बहुतेक वेळ चेंडूशिवाय जातो. पाठीला चिकटलेला बचावपटू सतत ढकलत, ओढत असतो, आणि फॉरवर्डने नेमक्या क्षणी त्याच्यापासून सुटून मोकळ्या जागेत धाव घ्यायची. चेंडू पायाने मारणारा सहकारी त्या धावेच्या भरवशावरच चेंडू सोडतो. पंधरा मीटरहून लांबून आलेला चेंडू हवेत नीट झेलला की 'मार्क' मिळतो, म्हणजे खेळ थांबतो आणि झेलणाऱ्याला निवांत किक मारायला मिळते. निवांत म्हणायचं एवढंच. पन्नास मीटरवर खांब, समोर हात उंचावलेला प्रतिस्पर्धी आणि गोलामागे त्याच्याच संघाचे हजारो लोक बोंब ठोकत असतात.

बडीची किक जवळून पाहण्यासारखी होती. तो डावखुरा, म्हणजे डाव्या पायाचा, उंची जवळजवळ साडेसहा फूट. मार्क मिळाला की मागे चालत जायचा, सॉक्स सारखे करायचा, आणि मग सरळ न धावता डावीकडे कमान काढत निघायचा. ती कमान इतकी रुंद की समोरच्या खेळाडूला वाटावं, हा भलतीकडेच चाललाय. किकसाठी ठरलेली रेषा सोडली की अंपायरने 'प्ले ऑन' म्हणायचं असा नियम आहे, त्यामुळे या कमानीवरून वर्षानुवर्षं वाद झाले. पण त्या वळणातूनच चेंडूला ती ताकद मिळायची. पंचावन्न-साठ मीटरवरून मारलेला चेंडू शेवटच्या क्षणी आत वळायचा आणि खांबांच्या बरोबर मधून जायचा. आमच्या घरी क्रिकेटशिवाय काही न पाहणारी माणसं हे पाहायला टीव्हीसमोर थांबायची.

तो पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डाउरिन या छोट्याशा गव्हाच्या गावचा. पर्थपासून दीडेकशे किलोमीटर आत, लोकसंख्या काही शेकड्यांत. आईकडून तो नूंगार, म्हणजे तिथल्या मूळनिवासी समाजाचा. चार बहिणींच्या पाठीवर झालेला धाकटा. पर्थच्या वेस्ली कॉलेजात शिष्यवृत्तीवर शिकला आणि २००४ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर मेलबर्नच्या हॉथॉर्नने त्याला उचलला. ड्राफ्टमध्ये पोराला क्लब निवडता येत नाही, क्लब पोराला निवडतो. सतराव्या वर्षी तीन हजार किलोमीटर दूरच्या शहरात जाऊन राहायचं. आपल्यापैकी जे शिकायला किंवा नोकरीला घर सोडून आलेत त्यांना यातलं काय ते कळेल.

२००८ हे त्याचं वर्ष. साखळीच्या शेवटच्या सामन्यात तो आणि कार्लटनचा ब्रेंडन फेवोला दोघेही शंभर गोलांच्या दारात उभे होते, आणि सामनाही एकमेकांविरुद्धच. बडीने शंभर पूर्ण केले, प्रेक्षक मैदानात धावले. फेवोला ९९ वर थांबला. त्यानंतर आजपर्यंत एकाही खेळाडूने एका मोसमात शंभर गोल केलेले नाहीत. त्याच वर्षी अंतिम सामन्यात हॉथॉर्नने जीलाँगला २६ गुणांनी हरवलं. साखळीत एकच सामना हरलेल्या जीलाँगला!

२०१० मधला एसेंडनविरुद्धचा गोल मात्र शोधून पाहाच. चेंडू घेऊन धावताना या खेळात दर पंधरा मीटरला तो जमिनीवर टाकून परत घ्यावा लागतो, आणि तो लांबट असल्यामुळे कुठेही उसळू शकतो. बडी सीमारेषेला लागून धावतोय, मागे केल हूकर जीव तोडून पळतोय, आणि हा एवढा धिप्पाड माणूस चेंडू आपटत, झेलत त्याला मागे टाकतोय. मग धावतानाच, अवघड कोनातून, डाव्या पायाने गोल. वर्षातला सर्वोत्तम गोल ठरला तो. एवढ्या उंचीच्या फॉरवर्डने गोलाजवळ उभं राहून चेंडूची वाट पाहायची, ही तोवरची रीत. बडी मैदानभर पळायचा.

२०१३ मध्ये हॉथॉर्नकडून दुसरं विजेतेपद मिळालं आणि काही दिवसांतच तो सिडनीत आला. वेस्टर्न सिडनीच्या नव्या क्लबाकडे जाणार असं सगळे धरून चालले होते, स्वान्सचं नाव कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. लीगला तो व्यवहार खटकला. सिडनीच्या महाग राहणीमानासाठी क्लबाला वेतनमर्यादेत, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत, मिळणारी सवलत काढून घ्यायचं ठरलं, वर नवे खेळाडू घेण्यावर निर्बंधही आले. आणि पुढच्याच अंतिम सामन्यात स्वान्ससमोर कोण, तर हॉथॉर्न. बडीने चार गोल केले, तरी स्वान्स ६३ गुणांनी हरले. २०१६ ला वेस्टर्न बुलडॉग्जकडून हार. २०२२ ला जीलाँगकडून ८१ गुणांनी, अगदी दारुण.

विजेतेपदांचा हिशेब इथे संपतो आणि माझा इथून सुरू होतो. सिडनी हे रग्बी लीगचं शहर आहे. स्वान्स मुळात साउथ मेलबर्नचा क्लब, १९८२ मध्ये तो उचलून इथे आणला. शेजारचे आजोबा साउथ मेलबर्नच्या दिवसांपासूनचे चाहते. ते सांगतात, सुरुवातीला इथे कुणी ढुंकून पाहत नसे. लोकांना मैदानाकडे ओढायला नाव लागतं. नव्वदच्या दशकात ते काम टोनी लॉकेटने केलं, १३६० गोलांचा विक्रम आजही त्याचाच. पुढच्या पिढीसाठी ते बडीने केलं. माझ्या मुलाच्या शाळेतली लाल-पांढऱ्या जर्सीतली पोरं २३ नंबर मागायची, तो त्याच्यामुळे. २०१४ आणि २०१७ मध्ये मोसमातल्या सर्वाधिक गोलांचं कोलमन पदक त्याने सिडनीकडून जिंकलं. २०१७ ला तर साखळीच्या शेवटच्या सामन्यात दहा गोल ठोकून!

आणखी एक गोष्ट मला त्याच्या गोलांइतकीच मोठी वाटते. सप्टेंबर २०१५, बाद फेरी तोंडावर, आणि क्लबाने जाहीर केलं की बडी मानसिक आरोग्याच्या कारणासाठी खेळणार नाही. 'स्नायू दुखावला' म्हणून वेळ मारून नेता आली असती. लपवलं नाही. देशातल्या सगळ्यात महागड्या फॉरवर्डने हे उघड सांगितल्यावर, परक्या देशात एकटेपणात तोंड मिटून राहिलेल्या आपल्या कितीतरी तरुणांना डॉक्टरकडे जायला हरकत नाही, असं मला मनापासून वाटतं. त्याच सुमारास त्याचा मूळनिवासी सहकारी ॲडम गुड्स मैदानामैदानांवर हुर्यो सोसून निवृत्त झाला. मे २०२३ मध्ये मेलबर्नला कॉलिंगवूडच्या प्रेक्षकांनी बडीचीही तशीच हुर्यो उडवली. त्यांच्याच क्लबाने जाहीर निषेध केला, पण व्हायचं ते झालं होतं. या खेळावर प्रेम करणाऱ्याने हेही सांगायलाच हवं.

२५ मार्च २०२२, शुक्रवारची रात्र, समोर जीलाँग. कारकिर्दीतल्या हजाराव्या गोलासाठी अजून चार गोल हवे होते. चौथा शेवटच्या सत्रात आला, आणि चेंडू खांबांमधून जायच्या आधीच लोक कुंपणावरून उड्या टाकत होते. बघता बघता आख्खं हिरवं मैदान माणसांनी भरलं, पंढरीच्या वाळवंटासारखं. सुरक्षारक्षकांच्या कड्यात बडी दिसेनासा झाला. आज्या, कॉलेजची पोरं, वडिलांच्या खांद्यावरची लेकरं, आणि जीलाँगच्या निळ्या-पांढऱ्या जर्सीतलेही कित्येक त्याच्या दिशेने पळत होते. खेळ अर्ध्या तासाहून जास्त थांबला आणि त्याबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती. हजाराचा पल्ला गाठणारा तो सहावा.

जुलै २०२३ च्या अखेरीस पोटरीच्या दुखापतीनंतर तो थांबला. ३५४ सामने, १०६६ गोल. करार नऊ वर्षांचा होता, तो सिडनीत दहा मोसम राहिला. आता संघ बचावाला सगळे मागे आणतात, गोल पाच-सहा जणांत वाटले जातात, साठ-सत्तर गोलांतही कोलमन पदक मिळतं. त्या हिशेबाने हजारासाठी पंधरा वर्षं दुखापतीशिवाय खेळायला हवं. मला सातवा दिसेल असं वाटत नाही.

इकडे यायचा बेत असेल तर मार्च ते सप्टेंबरमध्ये या, आणि एक संध्याकाळ सिडनी क्रिकेट ग्राउंडसाठी राखून ठेवा. तिकीट गोलाच्या खांबांमागचं काढा. बाजूच्या स्टँडमधून धावपळ छान दिसते, पण फॉरवर्ड आपल्या माणसाला कसा चकवतो ते मागूनच कळतं. स्वेटर विसरू नका, जुलैत रात्री चांगलीच थंडी पडते.