दंडावरची खूण

डिसेंबर २०२२. मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ चाललेली, त्यामुळे आमच्या तालुक्यातही पुरळ दिसला की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. १४ महिन्यांचा मुलगा, तापाचा पाचवा दिवस, डोळे लाल, अंगभर पुरळ. आजी दाराला कडुनिंबाचा डहाळा लावूनच त्याला माझ्या लॅबमध्ये घेऊन आलेली. चिठ्ठीवर लिहिलेलं : सीबीसी, ईएसआर, गोवर?

रक्त काढायला डावी बाही वर सारली, तर बीसीजीची, म्हणजे जन्मल्यावर देतात त्या क्षयाच्या लशीची, खूण लालभडक, भोवती सूज. डासबिस चावला असेल, म्हणून मी सोडून दिलं.

मशीनने आकडा दिला : पांढऱ्या पेशी १९,४००. गोवरात उलट काउंट उतरतो. तो विषाणू लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींतच शिरतो, त्यातही जुन्या आजारांची ओळख जपणाऱ्या पेशींत. पुरळ गेल्यावरही पोर पुढे कितीतरी महिने आजारी पडत राहतं ते त्यामुळेच. शिवाय याला नवव्या महिन्यातली लस मिळालेली. स्लाइड रंगवून पाहिली. जिकडेतिकडे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काहींच्या पोटात जाड गडद दाणे. ईएसआर, म्हणजे अंगातली सूज सांगणारा आकडा, चढून ८८. जंतुसंसर्गातही हे असंच दिसतं, खरं तर.

पण ती खूण डोळ्यांपुढून जाईना. गोवर झाला की क्षयाची त्वचाचाचणी काही दिवस उमटतच नाही, हे व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनी १९०८ सालीच लिहून ठेवलंय. इथे तर १४ महिन्यांपूर्वीची लस दंडावर जागी झाली होती. असं होणारा आजार मला एकच माहीत होता, तोही पुस्तकातला : कावासाकी, लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा. त्याची स्वतंत्र रक्तचाचणी नाही, लक्षणं जुळवावी लागतात.

चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. "सर, बीसीजीची खूण पाहिलीत का?"

पलीकडे क्षणभर शांतता. "थंडीचं पोर, स्वेटर काढलाच नव्हता मी. ओठ फुटलेले, जीभ लाल... पाठवा परत."

त्याच रात्री त्याला शहरात नेलं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ठीक निघाला. उपचार झाले नाहीत तर चारांतल्या एका मुलाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगतात, आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे शिरेतून द्यायची प्रतिपिंडं, पहिल्या १० दिवसांत गेलेलं बरं. किलोला २ ग्रॅम, म्हणजे या १० किलोच्या पोराला २० ग्रॅम. घरच्यांनी पैसे कसे उभे केले ते मी विचारलं नाही. सलाइन संपायच्या आत ताप उतरला.

बाराव्या दिवशी पुन्हा रक्त आलं. प्लेटलेट ९ लाख! दुसऱ्या आठवड्यात त्या चढतातच, तरी मी दोनदा मोजल्या. मांडीवरच्या नातवाच्या बोटांची सालं निघत होती. आजीने ती मला कौतुकाने दाखवली.

"बघा ताई, बाया उतरल्या."