हॉलला नाव दिलं, पण घेणार कोण?

मोपाच्या विमानतळाचं नाव काय असं पेडण्यातल्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला विचारा, तो तुमच्याकडे जरा विचित्र नजरेनेच बघेल आणि म्हणेल, मोपा, अजून काय. पाटीवर मोठ्या अक्षरात मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ लिहिलंय, डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटनाच्या वेळीच पर्रीकरांचं नाव दिलं, देशाचे संरक्षणमंत्री राहिलेला माणूस, अर्धा गोवा त्यांना 'भाई' म्हणायचा, आणि तरी विमानतळ तो मोपाच. यात कुणाला अपमान करायचा नसतो, जिभेला गावाच्या नावाची सवय असते बस्स.

आता उलटं उदाहरण बघा. पणजीचा १८ जून रस्ता. १८ जून १९४६ ला समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी मडगावात सभा घेतली, पोर्तुगीजांनी त्यांना पकडलं, त्या दिवसाचं नाव या रस्त्याला. आज तिथे चप्पल घ्यायला जाणाऱ्या पोरांना विचारलं की १८ जूनला काय झालं तर दहातली आठ मोबाईल काढतील, पण नाव तोंडात आहे ना! "अठरा जूनला थांब, पाच मिनिटात येतो." दुकानांच्या पाट्यांवर, बिलांवर, पार्सलच्या पत्त्यावर तेच. कधीतरी एखादं पोर घरी विचारतं की रस्त्याला तारखेचं नाव का, आणि मग आजोबा सुरू होतात. मडगावचं लोहिया मैदानही तसंच, रुळलं ते रुळलं.

हे सगळं डोक्यात घोळायचं कारण आमच्या गावची ग्रामसभा.

आमच्या वाड्यावरचा एक जवान काही वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये ड्युटीवर असताना गेला. नाव मुद्दाम लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीत होता, ट्रेनिंग अर्थातच बेळगावला, आमच्या पेडण्या-सावंतवाडीकडच्या पोरांना आर्मी म्हटलं की आधी बेळगावच आठवतं. तर आता पंचायतीचा नवीन हॉल तयार झालाय आणि त्याला त्याचं नाव द्यायचं असा विषय होता. आधी कचरा, मग स्ट्रीटलाइट, मग कुणाच्या तरी कुंपणाचं भांडण, हे नेहमीप्रमाणे झालं आणि सगळे जेवायला उठायच्या बेतात असताना हा विषय आला. विरोध कोण करणार? हात वर. मग सचिवांनी नाव वाचून दाखवलं, 'हुतात्मा वीर जवान कैलासवासी अमुक तमुक स्मृती बहुउद्देशीय सामाजिक सभागृह', आणि माझ्या शेजारी बसलेल्या काकांनी हळूच विचारलं, "यातला पोरगा कुठला?"

खरंच. एवढ्या विशेषणांच्या गर्दीत पोराचं नाव शोधावं लागत होतं.

मग एक पंच उठले आणि म्हणाले की हॉल तर भाड्याने जाणार, तिथे लग्नं होणार, वाढदिवस होणार, डीजे लागणार, मागच्या बाजूला बिअरचे क्रेट येणार, अशा जागेला जवानाचं नाव शोभतं का, त्यापेक्षा एखादा पुतळा बसवूया. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. तेव्हा जवानाची आई, जी एरवी ग्रामसभेत कधी येत नाही, भावाच्या बाजूला बसली होती, ती बसल्या बसल्याच म्हणाली (कोंकणीत, मी मराठीत सांगतोय), "हॉलचं नाव लग्नाच्या पत्रिकेवर छापतात ना रे? मग छापूं दे. पत्रिका घराघरांत जाते. पुतळ्याकडे कोण येणार, कावळे?"

त्यावर कुणी काही बोललंच नाही. मला विचाराल तर त्या दिवशी गोव्यातल्या सगळ्या नामकरण समित्यांपेक्षा शहाणं तीच बोलली.

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, त्याला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला की त्यांच्याकडे पोस्ट ऑफिसांना अशी नावं देतात, इराक-अफगाणिस्तानात लढताना गेलेल्या तिथल्याच पोरांची. मजा म्हणजे एका पोस्ट ऑफिसला नाव द्यायला तिथे संसदेचा कायदा लागतो, दोन्ही सभागृहांत पास होऊन राष्ट्राध्यक्षांची सही होते. त्या राज्याच्या सगळ्या खासदारांनी, मग पक्ष कुठलाही असो, त्यावर सह्या करायच्या असा तिथे प्रघात आहे. आपल्याकडे जवानाच्या नावावरून सगळ्या पक्षांच्या सह्या एका कागदावर... असो. पण एवढा खटाटोप करून होतं काय, तर आत लॉबीत एक पाटी लागते. पत्ता बदलत नाही, पोस्टाच्या कागदावरचं नाव बदलत नाही. मावसभाऊ त्याच्या पोस्टात इतकी वर्षं जातोय आणि पाटी त्याने मी विचारल्यावर पहिल्यांदा वाचली. म्हणजे कायदा करूनही नाव तोंडात येत नाही ते नाहीच.

आणि आपण तरी काय मोठे लागून गेलो. १९ डिसेंबरला दरवर्षी मुक्तिदिन करतो, ऑपरेशन विजय, ३६ तासांत गोवा मुक्त, भाषणं तयारच असतात. पण त्या ३६ तासांत गेलेल्यांची नावं? डिसेंबर १९६१ मध्ये आग्वादच्या किल्ल्यात राजकीय कैदी अडकलेत म्हणून त्यांना सोडवायला ७ कॅव्हलरी या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे मेजर शिवदेव सिंग सिधू गेले, किल्ल्यातून गोळीबार झाला, ते आणि कॅप्टन विनोद सहगल तिथेच मारले गेले. गोवा जवळजवळ मुक्त झालेलाच होता हो तोपर्यंत! आज त्या आग्वादला किती माणसं फोटो काढायला जातात. जुन्या तुरुंगाचं आता छान म्युझियमही झालंय. पण सिधू हे नाव मला शाळेत कुणी शिकवल्याचं आठवत नाही. १८ डिसेंबरला अंजदीव बेटावर उतरताना नौदलाचे सात जण गेले, त्यांचं स्मारक वास्कोला आयएनएस गोमंतकमध्ये आहे, म्हणजे नौदलाच्या गेटच्या आत, तुम्ही-आम्ही सहज फिरत फिरत जाऊ अशी ती जागा नाही.

याउलट दीव. दीव तेव्हा आपल्याच केंद्रशासित प्रदेशात होतं, १९८७ ला गोवा राज्य झाल्यावर वेगळं झालं. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडायला तयार झाले नाहीत. तिथे समुद्राकाठी स्मारक आहे आणि लोक संध्याकाळी वारा खायला जातात ते 'खुकरीला'. रिक्षावाल्याला एवढंच सांगायचं. लोक तिथे शेंगदाणे खातात, पोरं धावतात, आणि मला त्यात काहीच गैर वाटत नाही. जागा वापरातली आहे, नाव एका शब्दाचं आहे, म्हणून टिकलं.

२०२३ च्या जानेवारीत अंदमानातल्या २१ निनावी बेटांना परमवीर चक्र मिळालेल्या २१ जणांची नावं दिली, त्यात आपल्या शेजारचे, मूळ कारवारकडचे राम राघोबा राणेही आहेत, १९४८ ला नौशेरा-राजौरीच्या रस्त्यावरचे सुरुंग काढणारे. ऐकून छाती फुगली खरी. पण बेटाचं नाव घ्यायला बेटावर जाणारं कुणीतरी हवं. त्यापेक्षा कारवारच्या एसटी स्टँडवर "चला राणे, राणे" असं कुणी दिवसातून पन्नास वेळा ओरडलं असतं तर मला जास्त आवडलं असतं.

म्हणून माझं आपलं म्हणणं, हॉलला नाव द्याच, पण त्याच्यासमोरच्या बस स्टॉपलाही द्या. आमच्या खाजगी बसच्या कंडक्टरांएवढी जाहिरात कुठलं सरकारी खातं करू शकणार नाही, "म्हापशे म्हापशे म्हापशे" करत दिवसभर गळा फोडतात, त्यांच्या तोंडात एक नाव गेलं की दोन पावसाळ्यांत ते गावाचं होऊन जातं. अट एकच, नाव दोन शब्दांच्या वर नको. कंडक्टर 'हुतात्मा वीर जवान कैलासवासी' म्हणेपर्यंत बस पुढच्या स्टॉपला पोचलेली असेल.

आणि ती कोनशिला! यावर मी ग्रामसभेत जरा चढ्या आवाजात बोललो. दुसऱ्या एका गावात अशाच एका इमारतीची कोनशिला बघितलीय, काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. वर मंत्री, खाली आमदार, मग सरपंच, उपसरपंच, सगळे पंच, सचिव, कंत्राटदार, आणि ज्याच्या नावाने इमारत आहे त्याची एक ओळ, तीही आडनावातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसकट. तो कुठल्या बटालियनचा, कुठे गेला, कधी गेला, वय काय होतं, काही नाही. मंत्र्यांचं खातं मात्र बरोबर लिहिलेलं होतं.

त्यामुळे मी एक मजकूर लिहून दिलाय. वर नुसतं नाव आणि आडनाव, घरच्यांनी लिहून दिलंय तसंच्या तसं. खाली हुद्दा, बटालियन, जन्मतारीख, गेला ती तारीख, जागा. मग त्याचा वाडा आणि गावातली शाळा. उद्घाटन कुणी केलं ते पाहिजे तर मागच्या भिंतीवर लावा, टॉयलेटकडे जाताना दिसेल. ('टॉयलेट' सचिवांनी मिनिट्समध्ये घेतलं नाही, मी नंतर वाचून बघितलं.) सरपंच म्हणाले हॉलचा मजकूर बघूया, बस स्टॉपसाठी मात्र वरती पत्र लिहावं लागेल, रस्ता पंचायतीचा नाही. पत्राचा मसुदा मी करून ठेवलाय, सही घ्यायला बुधवारी पंचायतीत जायचंय.