माळावरची झाडं

मला गोल्फ येत नाही. धाकटा खेळतो, मी त्याची ट्रॉली ओढते. वुडहॉल स्पा हे लिंकनशरमधलं एवढंसं गाव. तिथलं हॉचकिन मैदान १९०५ साली सुरू झालं. हॅरी वार्डननं आखलं, पहिल्या महायुद्धाआधी हॅरी कोल्टनं बदललं, आणि मग जमिनीचे मालक कर्नल हॉचकिन यांनी पुढे कित्येक वर्षं त्याच्यावर जीव लावला. तिथले बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, इतके खोल, की लेक आत उतरला की मला फक्त उडालेली वाळू दिसते.

हे मैदान १९९५ला इंग्लिश गोल्फ युनियननं घेतलं. पुढे टॉम डोक या अमेरिकन आरेखकाकडे त्याचं जुनं रूप परत आणायचं काम दिलं. त्या दिवसांत आम्ही गेलो तर पाइनचे ओंडके रचलेले, बर्च आडवे पडलेले. हजारो झाडं काढली त्यांनी. मला फार राग आला. शाळेत दर पावसाळ्यात माळावर खड्डे खणून रोपं लावलेली मी!

तिथे काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसानं मला खाली बसायला लावलं. पानांचा कुजका थर खरवडून वाळू उघडी केली होती. तिच्यात नखाएवढी हिरवी रोपं. हेदर, माळावरचं बुटकं झुडूप. याचं बी झाडांच्या सावलीत वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं, ऊन लागलं की उगवतं. जमीन मुळात रेताड, आंबट, कस नसलेली. हेदरला तीच लागते, खत घातलं तर गवत माजतं. शेजारी सप्टेंबरातलं जुनं हेदर होतं, जांभळं, मधमाश्यांनी भरलेलं. म्हणजे वुडहॉलचं मूळ रूप हे होतं, उघडा माळ. पाइनची सावली नंतरची.

आणि मला आमचा सोलापूरजवळचा नान्नजचा माळ आठवला. तिथल्या माळढोक पक्ष्याला मोकळं गवत लागतं. आम्ही तिथे गिरिपुष्प लावत होतो, पुण्याचं काम म्हणून. पडीक म्हणायचो त्या जमिनीला. अजून रुखरुख लागते.

रात्री सोलापूरला फोन केला. आप्पांना सगळं सांगितलं, एवढी झाडं मुळात आली कुठून तेही कळत नाही म्हटलं. ते थोडा वेळ गप्प.

“गुरं चरायची बंद झाली असतील गं,” म्हणाले. “आणि सरपण न्यायला कोणी येत नसेल. माळाला राखण लागते.”

पुढच्या रविवारी त्या म्हाताऱ्याला विचारलं. तो हसला. “अगदी तेच. तुमचे वडील इथे कधी येऊन गेले?”